कॉर्डलेस फोनचा आवाज तुटतो, चार्जिंग टिकत नाही: नवा संच घेण्यापूर्वीची तपासणी

राजापूर तालुक्यातील आमच्या घरात गेल्या आठ वर्षांत तीन कॉर्डलेस फोन येऊन गेले. पहिले दोन आम्ही विकत घेतले आणि तिसरा माझ्या मावसभावाने न्यू जर्सीहून येताना आणला. तिसऱ्याची कथा वेगळी आहे, ती पुढे येईल. पहिल्या दोघांबद्दलची तक्रार मात्र अगदी एकसारखी होती. बोलताना शब्द गाळले जात, मागे सतत गुणगुण ऐकू येई, आणि सकाळी पूर्ण चार्ज दिसणारा हँडसेट दुपारच्या पहिल्याच मोठ्या संभाषणात मान टाकी. नवा संच आला की दोन-तीन महिने बरे जात आणि पावसाळा लागला की पुन्हा तेच गाऱ्हाणे सुरू होई. चौथा संच घ्यायला दुकानात जाण्याऐवजी गेल्या दिवाळीत मी दोन दिवस खर्चून सगळ्या जोडण्या एकेक करून तपासल्या, तेव्हा असे आढळले की विकत घेतलेल्या दोन्ही संचांत मुळात काही बिघाड नव्हता. माळ्यावरच्या पेटीतून काढून, नवे सेल घालून जोडल्यावर ते दोन्ही व्यवस्थित चालले.

मोबाइल असताना लँडलाइनचा एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. मोबाइलला जी रेंज अंगणात तुळशीपाशी मिळते ती माजघरात पोहोचत नाही, आणि ऐंशीच्या घरातल्या वडिलांनी भर पावसात डोक्यावर इरले घेऊन डॉक्टरांशी बोलावे ही अपेक्षा बरी नव्हे. त्यांना उठून पडवीपर्यंत जावे लागू नये म्हणून कॉर्डलेस हवा होता, आणि नेमक्या त्याच भिंती कॉर्डलेसच्याही आड येत होत्या.

तपासणीची सुरुवात कानाने करावी, कारण बिघाड कुठे आहे हे आवाजाच्या जातीवरून बरेचसे ठरते. आज आपल्याकडे दुकानात मिळणारे बहुतेक कॉर्डलेस फोन डेक्ट या डिजिटल पद्धतीचे असतात. या पद्धतीत बोलणे आकड्यांच्या लहान लहान तुकड्यांत रूपांतरित होऊन बेस (म्हणजे लाइनला जोडलेली, हँडसेट चार्जिंगला ठेवायची बैठक) आणि हँडसेट यांच्यामध्ये ये-जा करते. रेडिओ दुवा अशक्त झाला की काही तुकडे पोहोचत नाहीत आणि त्यांच्या जागी क्षणभर शांतता किंवा टकटक ऐकू येते. शब्द अर्धवट कापले जातात, पण जे शब्द पोहोचतात ते स्वच्छ असतात. उपसायच्या लांब अँटेनाचे जुने ॲनालॉग संच मात्र लांब गेल्यावर रेडिओसारखे खरखरत असत, आणि ती आठवण मनात असल्यामुळे आपण आजही खरखर ऐकली की ‘रेंज नाही’ असे म्हणून मोकळे होतो. डेक्ट संचात खरखर किंवा गुणगुण ऐकू येत असेल, तर तिचा उगम बहुधा रेडिओत नसून बेसच्या मागे लावलेल्या वायरीत असतो. एवढी एक गोष्ट मला आठ वर्षांपूर्वी ठाऊक असती तर दुसऱ्या संचाचे पैसे वाचले असते.

वायरीतही दोन प्रकार ऐकू येतात. एकसुरी, जाड गुणगुण ही विजेच्या वायरिंगची असते. फोनची वायर विजेच्या वायरीला चिकटून लांबवर नेली असेल किंवा तिचा एखादा जोड निसटता असेल, तर ५० हर्ट्झच्या विजेची छाया तिच्यात उतरते. अनियमित, पावसाबरोबर वाढणारी आणि उन्हाने कमी होणारी खरखर ही ओल्या किंवा गंजलेल्या जोडाची खूण आहे. तांब्याच्या लाइनवर ब्रॉडबँडही असेल आणि फोनला फिल्टर, म्हणजे बोलणे आणि ब्रॉडबँड वेगळे करणारी छोटी डबी, लावलेला नसेल, तर त्याचा एक बारीक फुसफुसता आवाज वेगळाच असतो. तिथे फिल्टर लावला की काम झाले.

कानाने अंदाज बांधल्यावर पुरावा हवा, आणि त्यासाठी सर्वांत उपयोगी उपकरण म्हणजे हजार रुपयांच्या आत मिळणारा साधा वायरचा फोन. बेसची पिन काढावी आणि हा फोन लाइन जिथून घरात येते त्या पहिल्याच ठिकाणी, म्हणजे तांब्याची लाइन असल्यास भिंतीवरच्या रोझेटमध्ये (फोनच्या जोडणीच्या डबीत) आणि फायबर असल्यास मोडेमच्या फोन असे लिहिलेल्या खाचेत, आखूड वायरीने थेट लावावा. तिथेही खरखर ऐकू आली, तर दोष लाइनीचा आहे आणि कितीही महागडा कॉर्डलेस आणला तरी तो जाणार नाही. तक्रार नोंदवून लाइनमनची वाट पाहावी. मोडेममधून येणारा आवाज शब्द गाळत येत असेल, तर इंटरनेटच्या जोडणीतच खोट आहे, कारण फायबरवरचे बोलणे इंटरनेटच्याच मार्गाने जाते. साध्या फोनवर आवाज स्वच्छ असेल आणि कॉर्डलेसवर नसेल, तरच पुढे जाण्यात अर्थ आहे.

आमच्याकडे मोडेमपाशी आवाज स्वच्छ होता, माजघरातल्या खाचेपाशी गुणगुण होती. तीन वर्षांपूर्वी तांब्याची लाइन जाऊन फायबर आले तेव्हा मोडेम पडवीत बसवला गेला आणि त्याच्या फोनच्या खाचेतून निघणारी वायर घरातल्या जुन्या, तीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगला पिळून जोडली गेली. ती वायर पंपाच्या वायरीला लागून वाशावरून जाते, आणि मधला जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेला होता. शिवाय खांबावरून येणारी जुनी तांब्याची जोडी तशीच त्या जोडात अडकून राहिली होती, हे अधिक गंभीर. जुनी बाहेरची जोडी तोडल्याशिवाय मोडेमला घरचे वायरिंग जोडू नये. बाहेरच्या ओलीचा सगळा गोंगाट त्या जोडीतून आत येतो आणि वीज कडाडली तर मोडेमही जातो. मी जुने वायरिंग पूर्ण सोडून दिले, बेस मोडेमच्या खोलीत आणला आणि दोघांमध्ये दीड मीटरची नवी वायर लावली. गुणगुण त्याच मिनिटाला थांबली.

त्यामुळे अर्थात दुसरा प्रश्न उभा राहिला. बेस पडवीत आणि वडील माजघरात, अशी स्थिती झाली आणि शब्द गाळले जाऊ लागले. डेक्ट फोन भारतात आणि युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. पुस्तिकेत त्यांचा पल्ला सहसा घरात ५० मीटर आणि उघड्यावर ३०० मीटर असा दिलेला असतो. हे ५० मीटर पातळ भिंतींच्या घरात मोजलेले असावेत असे मानून चालावे. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, आणि या वारंवारतेच्या लहरी पाणी चांगल्याच शोषून घेते. त्यामुळे मे महिन्यात परसदारापर्यंत ऐकू येणारा फोन श्रावणात स्वयंपाकघरातच अडखळतो, यात फोनचा काही दोष नाही. शहरातल्या सदनिकेत हेच काम सळयांचे काँक्रीट, लिफ्टची खोबण, लोखंडी कपाट आणि भिंतीएवढा आरसा करतात.

उपाय बेस हलवण्याचा आहे आणि तो फुकट आहे. आमचा बेस टीव्हीच्या मागे, राउटरला खेटून, फ्रिजपासून हातभर अंतरावर होता, कारण प्लग तिथे होता. बहुतेक घरांत हेच कारण असते. बेस शक्यतो घराच्या मध्यभागी, खांद्याच्या उंचीवर, धातूच्या वस्तूंपासून दूर आणि राउटरपासून किमान एक मीटर अंतरावर ठेवावा. डेक्ट आणि वाय-फाय यांचे पट्टे वेगळे असल्यामुळे ते एकमेकांत थेट मिसळत नाहीत, परंतु जवळजवळ चिकटवलेली उपकरणे आणि त्यांचे अडॅप्टर एकमेकांना त्रास देऊ शकतात. एखाद्याकडे अजूनही २.४ गिगाहर्ट्झचा जुना कॉर्डलेस असेल, तर मात्र तो वाय-फायच्याच आणि मायक्रोवेव्हच्याही पट्ट्यात बोलत असतो, आणि दूध गरम करायला ठेवले की फोन का तुटतो याचे उत्तर तिथेच आहे. आणखी एक तपासण्यासारखी गोष्ट म्हणजे मेनूमधला इको मोड. तो सुरू असला की बेस कमी शक्तीने प्रसारण करतो आणि पल्ला घटतो. जाड भिंतींच्या घरात तो बंदच ठेवावा.

मी मोडेमपासून नवी, विजेच्या वायरीपासून दूर राहणारी वायर ओढून बेस माजघराच्या दारावरच्या फळीवर बसवला. जागा ठरवताना वडिलांना एका नातेवाइकाशी बोलायला लावून मी त्यांच्या मागे खोलीखोलीतून फिरलो. या प्रकाराची दोघांनाही गंमत वाटली, पण कुठल्या कोपऱ्यात शब्द कापला जातो हे दहा मिनिटांत कळले.

चार्जिंगच्या तक्रारीने मात्र सर्वांत जास्त वेळ घेतला, कारण तिच्यात तीन वेगवेगळ्या चुका एकमेकींत गुंतल्या होत्या.

कॉर्डलेसच्या हँडसेटमध्ये सहसा एएए आकाराचे दोन निकेल-मेटल हायड्राइड सेल असतात, प्रत्येकी १.२ व्होल्टचे. रोज वापरात त्यांचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे समजावे. म्हातारे झालेले सेल पटकन भरतात आणि पटकन रिकामे होतात, म्हणून पडद्यावर पूर्ण चार्जच्या रेघा दिसतात आणि पाच मिनिटे बोलल्यावर फोन टूंटूं करू लागतो. हे लक्षण दिसले की संच न बदलता सेल बदलावेत. आमच्या वडिलांनीही सेलच बदलले होते, पण गावातल्या दुकानात मिळालेले रिमोटचे साधे सेल घातले होते. ते १.५ व्होल्टचे आणि चार्ज न होणारे; बेसवर ठेवल्यावर त्यांना जबरदस्तीने चार्ज केले जाते, त्यातून ते गळतात आणि फुटूही शकतात. आमचे गळले होते आणि स्प्रिंगांवर पांढरट-हिरवे पूट चढले होते. कॅमेऱ्यासाठी मिळणारे मोठ्या क्षमतेचे सेल घेण्याचा मोहही टाळावा. बेसचा चार्जर मंद असतो, त्यामुळे एवढा मोठा सेल भरायला फार वेळ लागतो आणि अनेकदा तो अर्धाच भरून राहतो. मूळ सेलवर जेवढे मिलिअँपिअर-अवर (म्हणजे सेलची क्षमता) लिहिले असतील त्याच्या आसपासचे, पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे सेल घ्यावेत, दोन्ही एकाच वेळी आणि एकाच जातीचे बदलावेत, आणि पहिल्या वेळी पुस्तिकेत सांगितलेले तास पूर्ण होईपर्यंत हँडसेट बेसवरून उचलू नये.

दुसरी चूक संपर्कपट्ट्यांची. हँडसेटच्या बुडाशी आणि बेसच्या खोबणीत ज्या दोन-तीन धातूच्या पट्ट्या असतात त्यांवर दमट हवेत ऑक्साइडचा थर चढतो आणि हँडसेट ठेवलेला दिसत असूनही चार्ज होत नाही. बेसचा प्लग काढून त्या पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने घासाव्यात आणि कापसाने कोरड्या पुसाव्यात. कानशीला किंवा पॉलिश पेपरला हात लावू नये, कारण वरचा मुलामा गेला की पट्टी आणखी लवकर गंजते. किनारपट्टीच्या घरात हे काम पावसाळ्यात महिन्यातून एकदा करावे लागते.

तिसरी चूक शोधायला मला एक रात्र तिथे राहावे लागले. आई झोपण्यापूर्वी घरातली सगळी बटणे बंद करते. विजा चमकणाऱ्या प्रदेशात ही सवय शहाणपणाची आहे आणि तिला मी नावे ठेवणार नाही, पण त्या बटणांत बेसचे बटणही होते. परिणामी हँडसेट रात्रभर चार्ज होत नसे, उलट बेस बंद असल्यामुळे त्याला शोधत राही, आणि बेस शोधणारा हँडसेट स्वस्थ पडलेल्या हँडसेटपेक्षा लवकर रिकामा होतो. नव्या सेलांनी हे दोन-तीन महिने निभावून नेले की मग तक्रार सुरू होई. दर वेळी ‘सुरुवातीला बरा चालतो’ असे का वाटे, याचे उत्तर हे. आता बेस आणि मोडेम यांना वेगळे बटण दिले आहे आणि गडगडाट सुरू झाला तरच ते प्लगसकट काढायचे असे ठरले आहे.

विजेचा विषय निघालाच आहे तर अडॅप्टरविषयी सांगतो. बेसला साधारण ५ ते ९ व्होल्टच्या दरम्यानचा अडॅप्टर लागतो, मोडेमचा बहुधा १२ व्होल्टचा असतो, आणि दोघांच्या पिना कधी कधी एकमेकांत चपखल बसतात. साफसफाईनंतर अदलाबदल झाली की बेस जळतो. दोन्ही अडॅप्टरांवर कागद चिकटवून नावे लिहून ठेवावीत. मावसभावाचा न्यू जर्सीचा संच असाच गेला: त्याचा अडॅप्टर १२० व्होल्टचा होता आणि आमच्या २३० व्होल्टांत त्याने अर्धे मिनिटही काढले नाही. योग्य अडॅप्टर लावून तो जगवता आला असता तरी वापरणे योग्य झाले नसते. अमेरिकेतले डेक्ट फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात, आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइल सेवेचा आहे. परदेशातून प्रेमाने आणलेला कॉर्डलेस प्रेमानेच कपाटात ठेवावा.

जुन्या तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच सुमारे ४८ व्होल्ट मिळत असत, त्यामुळे गावात दिवे नसले तरी वायरचा फोन चाले. फायबरवर ती सोय गेली. मोडेम बंद म्हणजे लाइन बंद, आणि कॉर्डलेसचा बेस तर आधीपासूनच विजेचा मिंधा. इन्व्हर्टर नसेल तर मोडेमसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो आणि तो मोडेमला काही तास चालवतो. त्याच्याबरोबर वायरचा तोच साधा फोन जवळ ठेवला, तर वीज नसतानाही बोलता येते.

याखेरीज काही तक्रारी अशा असतात की ज्यांत बिघाड काहीच नसतो, पण संच मात्र बदलला जातो. जुन्या फोनचा रिसीव्हर जागेवर ठेवला की फोन बंद होत असे. कॉर्डलेसचा हँडसेट अंथरुणावर ठेवला म्हणून संभाषण तुटत नाही, लाल बटण दाबावे लागते किंवा तो बेसवर ठेवावा लागतो. आमचा नंबर तासन् तास एंगेज लागत असे तो यामुळे. आलेल्या फोनच्या यादीतून परत फोन लावला की लागत नाही, ही दुसरी. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते, आणि यादीत तो नंबर दहाच आकड्यांचा उमटला असेल तर हँडसेट तोच जसाच्या तसा फिरवतो. साठवलेल्या सर्व मोबाइल क्रमांकांना एकदा बसून शून्य लावून घ्यावे. बँकेच्या यंत्राने ‘एक दाबा’ म्हटल्यावर काही होत नसेल, तर डायलिंग पल्सवर गेलेले असते. मेनूतून ते टोनवर आणावे. घंटीच वाजत नसेल, तर तारांकित किंवा चौकटीचे बटण चुकून दाबून धरले गेले आणि आवाज बंद झाला, अशी शक्यता आधी पाहावी.

इतके करून संच खरोखरच गेलेला निघाला, तर नवा निवडताना माझ्या मते सर्वांत आधी सेलचे झाकण उघडून पाहावे. आत दुकानात सहज मिळणारे एएए सेल असावेत. वायर आणि जोडणी असलेला खास आकाराचा बॅटरी पॅक असेल, तर तीन वर्षांनी तो मिळेलच याची खात्री कोणी देणार नाही. खोक्यावर डेक्ट लिहिलेले असावे आणि पट्टा १८८० ते १९०० मेगाहर्ट्झचा असावा. घर मोठे किंवा भिंती जाड असतील, तर एका बेसवर दोन हँडसेट असलेला संच घ्यावा. दुसरा हँडसेट नुसत्या चार्जिंगच्या खोबणीवर राहतो, त्याला फोनची वायर लागत नाही, पण बेसच्या पल्ल्यातच राहावे लागते, हे विसरू नये. काही संचांत वीज गेल्यावर बेसवर ठेवलेला हँडसेटच बेसला वीज पुरवतो आणि दुसऱ्या हँडसेटवरून बोलता येते. वारंवार वीज जाणाऱ्या गावात या सोयीसाठी थोडे अधिक पैसे मोजायला हरकत नाही, मात्र मोडेमला वेगळा आधार हवाच. वृद्धांसाठी मोठी, अंतर राखलेली बटणे, उजळणारा पडदा, स्पीकर आणि बेसवर हँडसेट शोधण्याचे बटण या चार गोष्टी पाहाव्यात. सुरांचे चाळीस प्रकार आणि रंगीत पडदा यांना मी काडीचेही महत्त्व देणार नाही.

आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी, शक्य असल्यास पावसाच्या दिवशी, हँडसेट घेऊन घरातल्या ज्या कोपऱ्यात फोन खरोखर वापरला जाणार आहे तिथे बसून किमान पंधरा मिनिटे कोणाशी तरी बोलून पाहावे.